कोल्हापूरच्या थंडीत ट्रॅप कॅमेरा : पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

"काय रं, धुरळा टिपलायस व्हय?" मामा लॅपटॉपवर वाकून म्हणाले.

गगनबावड्याच्या रस्त्याला, कुंभीच्या काठाला मामांचा ऊस आहे. बांधावर जांभळीचं झाड, खाली ओढा. रात्री काहीतरी येतं, उसाची कांडी चघळून टाकतं, शेजारच्या हरभऱ्याचे शेंडे खुडतं. ते कोण, हे बघायला मी डिसेंबरात त्या जांभळीला ट्रॅप कॅमेरा बांधला होता, म्हणजे समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा डबा. आठवड्यानं कार्ड काढलं तर तीनशेच्या वर फोटो, आणि बहुतेक सगळे दुधासारखे पांढरे. एका फोटोत त्या दुधातून दोन डोळे चमकत होते. कुणाचे, ते आजतागायत कळलेलं नाही.

चूक माझीच. कॅमेरा घेण्याआधी मी बर्फाळ मुलखातल्या लोकांनी लिहिलेल्या सूचना वाचल्या होत्या. त्यांच्या थंडीत पारा शून्याच्या खाली वीस-वीस अंश जातो, बॅटऱ्या गारठून मान टाकतात. म्हणून मी महागाच्या लिथियम बॅटऱ्या घातल्या आणि निर्धास्त झालो. आपल्याकडं शहरात पहाटे १० ते १५ अंश, गगनबावडा-राधानगरी पट्ट्यात त्याहून थोडं खाली. एवढ्या गारव्यानं बॅटरी मरत नाही. आपल्या कॅमेऱ्याचा घात करतं ते दव, नदीकाठचं धुकं आणि पहाट-दुपारमधला पंधरा अंशांचा फरक. तेव्हा या लेखात बॅटरीपेक्षा पाण्यावर जास्त बोलणार आहे.

आधी जागा कुणाची ते बघा

स्वतःचं शेत असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्याचं असेल तर मालकाला विचारून, आणि वाटेकरी वेगळा असेल तर त्यालाही सांगून. जंगलात मात्र विचारल्याशिवाय एक कॅमेरासुद्धा लावायचा नाही. राधानगरी अभयारण्य महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, १९५८ साली दाजीपूरच्या गव्यांसाठी जाहीर झालेलं, आज साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथं आत जायलाच परवाना लागतो, कॅमेरा बांधणं तर लांबच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथं चालत नाही. अभ्यासासाठी लावायचा असेल तर वन विभागाकडं लेखी अर्ज करा.

शिकायला शेताचा बांध पुरेसा आहे. थंडीत रानातलं गवत वाळतं, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, हिरवं काही उरत नाही, आणि मग गवे, रानडुकरं, सांबरं शाळू, गहू, ऊस असल्या हिरवळीला खाली उतरतात. म्हणजे जनावरंच तुमच्याकडं येतात.

एक गोष्ट शेतकऱ्याला तोंडावर विचाराच : "तारंत करंट सोडलाय का?" झटका मशीनचं कुंपण वेगळं, त्याचा झटका बसतो पण माणूस वाचतो. काही ठिकाणी मात्र डुकरांसाठी थेट लाईनचा आकडा टाकून तारेत वीज सोडतात. ते बेकायदेशीर आहे, आणि त्यात माणसं मेलेली आहेत. संध्याकाळी कॅमेरा बघायला गेलेल्या नवख्याला ती तार दिसत नाही.

कॅमेरा घेताना

दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे फेकतो. त्याकडं फार लक्ष देऊ नका. स्वस्त कॅमेऱ्यात आतला सेन्सर काही मेगापिक्सेलचाच असतो, बाकीचा आकडा सॉफ्टवेअरनं फुगवलेला. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. समोर जनावर आल्यावर फोटो निघायला किती वेळ लागतो? अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर सशाची फक्त शेपूट मिळते. रात्रीचा फ्लॅश, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा इन्फ्रारेड उजेड, कुठला? ८५० नॅनोमीटरचा असेल तर प्रकाश लांब जातो पण दिव्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा असेल तर दिसत नाही, पण पल्ला कमी. चोरांची भीती असलेल्या पाणंदीला ९४०, आतल्या बांधाला ८५०. आणि तिसरं, डब्याच्या कडेला रबरी गॅस्केट आहे का आणि ते सगळीकडं नीट बसलंय का? हे दुकानातच उघडून बघा. दवाचा सगळा खेळ त्या रबरावर आहे.

सिमकार्ड घालून फोटो मोबाईलवर पाठवणारे कॅमेरेही मिळतात. छान असतात, पण गगनबावड्याच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही, आणि रेंज शोधत बसलेला कॅमेरा बॅटरी पिऊन टाकतो. पहिला कॅमेरा साधाच घ्या.

बॅटरी

बहुतेक कॅमेऱ्यांना पेन्सिल सेल लागतात, चार किंवा आठ. बाजारात तीन प्रकार मिळतात. साधे अल्कलाईन सेल १.५ व्होल्टचे. थंडीत त्यांच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, रोध वाढतो, आणि फ्लॅशला एकदम ताकद लागली की ते कच खातात. शून्याच्या खाली हे फार जाणवतं, आपल्या बारा अंशांत थोडंच. त्यांचा खरा तोटा वेगळा आहे : व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, त्याबरोबर फ्लॅश मंद होत जातो, आणि दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला वाटतं जनावर लांबून गेलं. लांबून नाही गेलं, उजेडच पोचला नाही.

रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे. आठ सेलांचे बारा व्होल्ट व्हायच्या ऐवजी साडेनऊच होतात, त्यामुळं काही कॅमेरे ते घातल्या घातल्या बॅटरी संपल्याची खूण दाखवतात. घेण्याआधी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत हे सेल चालतात का ते बघा. चालत असतील तर आपल्या हवेला हेच परवडतात. मी आता हेच वापरतो.

लिथियम सेल महाग, हलके, आणि उणे चाळीस अंशांपर्यंत काम करणारे. स्पितीला किंवा लडाखला कॅमेरा नेणार असाल तर दुसरं काही घेऊच नका. तिथं आणखी दोन पथ्यं : बर्फ साचणार हे धरून कॅमेरा उंच लावून थोडा खाली झुकवा, आणि गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत आणण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. पिशवीसकट खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडा. नाहीतर खोलीतली वाफ गार काचेवर आणि आतल्या सर्किटवर धरते. मामांच्या बांधाला एवढी काळजी लागत नाही.

कुठलेही सेल घ्या, नवे-जुने मिसळू नका. आठातला एक मेलेला सेल बाकीच्या सातांना खाली ओढतो. आणि एक हिशेब लक्षात ठेवा : डिसेंबरच्या शेवटी कोल्हापुरात दिवस अकरा तासांचा आणि रात्र जवळजवळ तेरा तासांची. फ्लॅशचं काम उन्हाळ्यापेक्षा रोज दोन तास जास्त. त्यात रात्रीचा व्हिडिओ लावला की वीस सेकंद सगळे दिवे जळत राहतात. नवख्यानं पहिला महिना फक्त फोटो काढावेत.

जागा निवडताना

उसाच्या फडाकडं तोंड करून कॅमेरा लावलात तर तुम्हाला उसाच्या पात्यांचे हजार फोटो मिळतील. हे का होतं ते समजून घेतलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र बघत नाही, उष्णता बघतो. समोरच्या पार्श्वभूमीपेक्षा गरम किंवा गार असं काहीतरी हललं की तो जागा होतो. म्हणून एप्रिलच्या भर दुपारी, बांधावरचे दगडच जनावराच्या अंगाइतके तापलेले असताना, समोरून गवा गेला तरी कॅमेरा झोपलेला असू शकतो. थंडीच्या रात्री उलट. जमीन बारा-तेरा अंशांवर, रानडुक्कर उबदार, फरक ढळढळीत. म्हणून थंडीत सेन्सरची संवेदनशीलता कमाल ठेवायची गरज नाही, मधली पुरते. कमाल ठेवली तर सकाळी आठ-नऊला ऊन पडून तापलेली पाती वाऱ्यानं हलतात आणि कार्ड भरतं.

तेव्हा फड सोडा, वाट धरा. पाणंद, बांधाचं टोक, ओढ्याचा उतार, कुंपणाखालचं भोक. जनावर माणसासारखंच आळशी असतं, सोपी वाट सोडत नाही. सकाळी जाऊन चिखलातली पावलं बघा, साळिंदराचा काटा पडलाय का बघा, कुठल्या झाडाला डुकरानं अंग घासून चिखल लावलाय ते बघा. जिथं खूण, तिथं कॅमेरा.

वाटेच्या अगदी समोर लावू नका. जनावर थेट कॅमेऱ्याकडं चालत आलं तर सेन्सरला हालचाल कमी जाणवते. वाट तिरकी दिसेल असा, साधारण पंचेचाळीस अंशांत, तीन ते पाच मीटरवर ठेवा. उंची गुडघ्याएवढी. त्यात ससा, मुंगूस, उदमांजर, साळिंदर, भेकर, डुक्कर, बिबट्या सगळे बसतात. गव्याचे मात्र फक्त पाय येतात. गवे येणारी जागा असेल तर कमरेएवढा आणि दोन पावलं मागं.

आता दिशा. पौषात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, दुपारी बारालाही डोक्यावर येत नाही. कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला, आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर दिवसाचे फोटो उन्हानं भाजून निघतात. उत्तर बरी. पण पूर्ण उत्तरेला तोंड केलं तर सकाळचं ऊन काचेला लागतच नाही आणि दव दहापर्यंत तसंच राहतं. म्हणून मी ईशान्य धरतो. तिथं सकाळचं तिरकं ऊन डब्याच्या अंगाला लागतं पण थेट काचेत शिरत नाही. वास्तुशास्त्रवाले देवघर ईशान्येला करायला सांगतात, कॅमेऱ्यालाही ती दिशा मानवते म्हणायची.

दव आणि धुकं

निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडं सोडून देते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. मग हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. मोटारसायकलची सीट पहाटे भिजलेली असते, तीच गोष्ट. पण गोठ्याच्या छपराखाली उभी केलेली गाडी कोरडी राहते, कारण तिच्यावर आभाळ उघडं नसतं. कॅमेऱ्यालाही छप्पर द्या. दाट पानांच्या झाडाखाली, जांभूळ, आंबा, करंज असं काही असेल तर निम्मं काम झालं. माझी जांभळ चांगली होती, पण मी कॅमेरा बांधला होता तिच्या बाहेरच्या फांदीला, ओढ्यावर झुकलेल्या. तिथं पानांची सावली नव्हती, आणि खाली पाणी.

झाड नसेल तर पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा कापून डब्यावर छज्जा करा. तेलाच्या जुन्या डब्याची एक बाजू पुरते. पुढं तीन-चार बोटं निघालेला असावा, त्याहून जास्त नको, नाहीतर फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आदळून परत येतो आणि फोटो पुन्हा पांढरा. चमकणारा पत्रा असेल तर आतून काळा रंग मारा.

दवाचे थेंब फक्त काचेवर बसले तर फोटो धूसर येतो, ते कळतं तरी. ते सेन्सरच्या जाळीदार खिडकीवर बसले की जनावराची उष्णता पाण्यातच अडते आणि फोटोच निघत नाही. कार्ड रिकामं बघून तुम्ही म्हणता, या वाटेला कुणी येत नाही.

धुक्याला छज्ज्याचा उपयोग नाही. गार हवा जड असते, ती उतारावरून ओघळत नदीकाठाला आणि ओढ्याच्या घळीत साचते, आणि धुकंही तिथंच बसतं. पंचगंगेच्या पुलावरून पहाटे जाणाऱ्यानं हे बघितलेलं असतं : पुलाखाली कापूस, आणि गावाकडं चढ लागला की स्वच्छ. त्यामुळं पाण्याच्या अगदी काठाला न लावता, वाट काठावरून वर चढते तिथं, पाण्यापेक्षा वीस-तीस फूट उंच जमिनीवरच्या झाडाला लावा. जनावर तेच, धुकं कमी. काठालाच लावायचा असेल तर अंतर कमी करा, अडीच-तीन मीटर, आणि फ्लॅशची ताकद कमी करण्याची सोय असेल तर ती कमीवर ठेवा. उजेड जितका जास्त, तितकं धुकं जास्त पांढरं. धुक्यात गाडीचा हाय बीम लावून बघा, समजेल.

राहिलं आतलं पाणी. दुपारी २८-३० अंशांत डब्यातली हवा फुगून फटींमधून थोडी बाहेर जाते, रात्री आकसते तेव्हा बाहेरची ओली हवा आत ओढते. डबा रोज एक श्वास घेतो म्हणा. आठवड्यात आतल्या काचेवर वाफ धरते, आणि ती बाहेरून पुसून जात नाही. उपाय तीन. गॅस्केट दर वेळी सुक्या कापडानं पुसा, त्यात कुसळाचं एक टोक अडकलं तरी फट पडते. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, बुटांच्या खोक्यात निघतात त्या. कोल्हापुरी चपलांबरोबर मिळत नाहीत, तेवढ्यासाठी बूट घ्यायला लागतात! पुड्या जुन्या असतील तर त्यांनी आधीच घरातली ओल पिऊन ठेवलेली असते, ताज्या घ्या. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं : पहाटे डबा उघडू नका. दहा-अकरानंतर, दव उडाल्यावर, हवा कोरडी असताना उघडा. पहाटे उघडलात तर तुम्ही स्वतःच धुकं आत कोंडून कुलूप लावता.

काच पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा. अंगठा नको, त्याचं तेल काचेला लागलं की फोटो धूसर येतो.

बांधणी आणि चाचणी

पट्टा झाडाला घट्ट आवळा आणि पाठीमागं वर किंवा खाली लाकडाची पाचर घालून झुकाव धरा. झाड बारीक नको, वाऱ्यात डुलणारं तर नकोच. बांबू रोवून त्यावर कॅमेरा लावणारे मी बघितलेत, बांबू हलतो आणि कॅमेऱ्याला सगळं जगच हलताना दिसतं. लोखंडी अँगल चांगला, पण गव्यांच्या वाटेला नको. गव्याला अंग घासायला खांब फार आवडतो.

समोरचं दोन-तीन मीटरमधलं गवत विळ्यानं कापा. थंडीत वाळलेलं गवत हलकं असतं, जराशा वाऱ्यानं डोलतं, आणि रात्री फ्लॅशच्या उजेडात तेच सगळ्यात पांढरं दिसतं. उंच एक काडी जरी कॅमेऱ्याजवळ राहिली तरी मागचं जनावर काळोखात बुडतं.

मग चाचणी. बहुतेक कॅमेऱ्यांत चाचणीची सोय असते, समोर हालचाल झाली की लाल दिवा लुकलुकतो. स्वतः उभं राहून चालू नका, तुम्ही पाच-साडेपाच फूट आणि डुक्कर दोन-अडीच फूट. मामांचा नातू पहिलीत आहे. त्याला सांगितलं, "तू डुक्कर." तो रांगत, मधेच हुंकार टाकत वाटेनं गेला, दिवा लुकलुकला. मग म्हणाला, "आता गवा होतो," आणि उठून पळत आला. त्या दिवशी कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त फोटो त्याचेच आले.

सेटिंग थोडक्यात : एका वेळी तीन फोटो, दोन वेळांमध्ये दहा ते तीस सेकंद थांबा, संवेदनशीलता मधली, दिवस-रात्र दोन्ही चालू. कार्ड ३२ जीबीचं पुरतं, आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. तारीख-वेळ दोनदा तपासा, हे मी सांगतो कारण माझ्या हातून चुकलं होतं. घड्याळ बारा तासांचं होतं, सकाळ-संध्याकाळ उलटी पडली, आणि बिबट्या दुपारी एक वाजता बांधावरून गेल्याचा फोटो निघाला. मी तो मामांना दाखवला, मामांनी शेजारच्या तात्यांना, आणि दोन दिवस त्या पाणंदीनं भर दुपारी कुणी वैरण आणायला गेलं नाही. बिबट्या गेला होता मध्यरात्री एकला. घड्याळ चोवीस तासांचं ठेवा.

निघताना कॅमेऱ्याचं बटण चालू स्थितीवर आहे ना, ते बघा. हसू नका. सगळं नीट लावून कॅमेरा बंदच ठेवून घरी येणारे मी एकटाच नाही.

गळीत हंगामाचं भान

कोल्हापुरात थंडी आणि ऊसतोड एकत्रच येतात. कारखान्याची टोळी कधी येईल ते मालकालासुद्धा आदल्या दिवशी कळतं. फड तुटला की वाटा बदलतात, आडोसा जातो, उसातला बिबट्या दुसरा फड गाठतो. कॅमेराही हलवावा लागतो. मालकाला सांगून ठेवा : तोड लागली की फोन कर. माझ्या एका कॅमेऱ्याचा पट्टा पाचटाच्या आगीत जळून तुटला, डबा खाली पडला आणि एका बाजूनं वितळला. पाचट पेटवणाऱ्याला तिथं कॅमेरा आहे हे माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं. पाचट पेटवू नये हे खरं, ते कुजवलं तर जमिनीला सोनं आहे. पण पेटवतात, म्हणून तोडीच्या आधी कॅमेरा काढा.

उसात बिबट्याची पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटो काढायला घोळका करू नका. आई जवळपास असते आणि रात्री न्यायला येते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि बाजूला व्हा.

कार्ड बघायला जाताना

पहिल्यांदा तीन रात्रींनंतर जा, कारण दवाची चूक असेल तर आठवडा फुकट जाऊ नये. नंतर दोन आठवड्यांनी एकदा. सारखं गेलात तर तुमचा वास त्या वाटेला बसतो, आणि डुक्कर वासाला फार हुशार.

जायची वेळ दुपारी अकरा ते तीन. एकटं नको. रात्रपाळीची वीज असलेल्या आठवड्यात शेतकऱ्याला मध्यरात्री मोटर चालू करायला जावंच लागतं, त्याचा इलाज नाही. तुम्हाला कार्डासाठी रात्री जायची काहीच गरज नाही. पाणंदीनं बोलत-खाकरत चला. गवा समोर उभा दिसला तर मोबाईल खिशात ठेवा आणि आल्या वाटेनं मागं फिरा, त्याला जायला जागा मोकळी ठेवा. थंडीत घोणस बांधावर उन्हाला पडलेली असते, वाळल्या पाल्यासारखी दिसते. काठीनं वाट चाचपा. कॅमेरा झाडावरून काढताना पाठीमागं आधी काडी फिरवा, त्या उबदार फटीत विंचू, पाली, मुंगळे कुणीही घर केलेलं असतं. फ्लॅशसमोर कोळ्यानं जाळं विणलं असेल तर ते काढा, रात्रीच्या फोटोत ते दोरखंडासारखं दिसतं.

आमिष ठेवू नका. कोंबडीचे तुकडे टाकून बिबट्या बोलावणारे आहेत. त्याला तुमच्या बांधाची सवय लागते आणि तुम्ही घरी गेल्यावरही तो येत राहतो.

कॅमेऱ्यात माणसं येतात, ते धरूनच चाला. पाणवठ्याला, बायका जातात त्या आडोशाला, कुणाच्या अंगणाकडं तोंड करून लावू नका. माणसांचे फोटो आले तर पुसून टाका, गावात दाखवत बसू नका. फासकी लावणारा टिपला गेला तर मात्र पुसू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकू नका, थेट वन विभागाकडं द्या. बिबट्याच्या फोटोबरोबर गटाचा नंबर आणि ओढ्याचं नाव लिहून पाठवायची हौस आवरा. दुसऱ्या दिवशी तिथं बघ्यांच्या मोटारसायकली लागतात.

फोटो बघितल्यावर वहीत लिहा : तारीख, वेळ, जनावर, चांदणं होतं की अंधार, धुकं होतं का. माझ्या वहीत दोन हिवाळे झाल्यावर दिसायला लागलं की हरभऱ्याला येणारं साळिंदर मध्यरात्रीनंतर येतं आणि धुक्याच्या रात्री कॅमेऱ्यात नसतं. ते येतच नव्हतं की सेन्सरला दिसत नव्हतं, हे एका कॅमेऱ्यावरून ठरवता येत नाही. म्हणून यंदा दुसरा कॅमेरा चढावर लावलाय.

हंगाम संपल्यावर

फेब्रुवारीच्या शेवटी दव थांबतं, मग वणव्यांचे दिवस येतात. शिमग्याच्या आत कॅमेरा घरी आणा. सेल काढा, अल्कलाईन असतील तर नक्कीच, ते आतल्या आत फुटून पाणी सोडतात आणि पट्ट्या हिरव्या होतात. गॅस्केटला बोटावर मावेल एवढं सिलिकॉन ग्रीस लावा. डबा उघडा ठेवून एक दिवस सावलीत सुकवा, मग नव्या पुड्या टाकून बंद करा. माळ्यावर नको, मेमध्ये पत्र्याखाली तिथं भट्टी असते.

पहिल्या वर्षीचे ते पांढरे फोटो मी अजून ठेवलेत. परवा मामांनी नव्या कॅमेऱ्याचं कार्ड बघितलं. चढावरच्या वाटेनं पाच रानडुकरं आणि मागं लहान पिल्लांची रांग, कडेची कुसळंसुद्धा स्पष्ट. मामा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आरं, हीच की ती. आता हिकडनं कुंपण बांधाय पायजे."